गॅरेज घरातच असतं तेव्हा

आपल्याकडे "गाडी गॅरेजला टाकलीय" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. गाडी बिघडलीय, मिस्त्री "संध्याकाळी देतो" म्हणालाय, आणि ती संध्याकाळ बहुधा परवा उजाडणार आहे. अमेरिकेत "गाडी गॅरेजमध्ये आहे" म्हणजे ती घरीच आहे, आराम करते आहे. तिथे गॅरेज ही घराचीच एक खोली. गाडीबरोबर त्यात बर्फ उपसायची फावडी, सायकली, गवत कापायचं यंत्र आणि मुलं मोठी झाली तरी टाकवत नाहीत अशी खेळणी असतात. हौस असेल तर भिंतीवर ओळीने पाने टांगलेले असतात.

या खोलीमुळे तिथल्या माणसाला एक प्रश्न पडतो, जो आपल्याला सहसा पडत नाही. हे काम मिस्त्रीकडे द्यायचं, की घरी आपणच करायचं?

२०२४ च्या उन्हाळ्यात मी पाच महिने मिशिगनला, डेट्रॉइटच्या एका उपनगरात, आमच्या चिरंजीवांकडे होते. त्या मुक्कामात हा प्रश्न घरात आला आणि चांगला दोन महिने ठाण मांडून बसला. नातवाला त्याच्या गाडीला सुपरचार्जर बसवायचा होता. घरी, स्वतःच्या हातांनी.

हसू नका मंडळी. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या आणि तेहेतीस वर्षं पोरांना समास-संधी शिकवलेल्या बाईने इंजिनावर लिहावं का, हा प्रश्न मलाही पडला. पण आमचे हे कोल्हापुरात एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. चाळीस वर्षं जेवणाच्या ताटावर मी हेड, गास्केट, रिंगा आणि नोझल ऐकलेले आहेत. अंगणात स्कूटर खोलून ठेवली की नट मोजून वाटीत ठेवायचं काम माझ्याकडे असे. तेव्हा अगदीच अडाणी नव्हे.

नातवाचं वय वीस. गाडी २०१५ सालची सायन एफआर-एस. (सायन हा टोयोटाचा अमेरिकेतला ब्रँड. २०१६ साली तो बंद झाला.) दोन दारांची, बुटकी, मागच्या सीटवर फक्त दप्तर बसेल अशी. दोन उन्हाळे टायरच्या दुकानात काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने ती जुनी घेतलेली. आता आणखी पाच हजार डॉलर जमले होते, आणि तेवढ्यालाच सुपरचार्जरचं किट येत होतं. बसवून देणारा दुकानदार वर अठराशे डॉलर मागत होता. नातू म्हणे, "आजी, एटीन हंड्रेड! आणि ते जे करणार ते मी करू शकतो."

चिरंजीव म्हणाले, "बसवायचाच असेल तर दुकानातून बसव. नाहीतर विसर." झालं. त्यानंतर बाप-लेकांचं बोलणं "मीठ दे" आणि "गाडी बाजूला घे" एवढ्यावर आलं.

आता सुपरचार्जर म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण ही भानगड कळल्याशिवाय निर्णय कळणार नाही.

इंजिन श्वासावर चालतं. पिस्टन खाली येतो तेव्हा हवा आत ओढली जाते. वर जातो तेव्हा ती दाबली जाते. ठिणगी पडते, भडका उडतो, पिस्टन खाली ढकलला जातो. परत वर येताना धूर बाहेर. पेट्रोल जळायला हवा लागते आणि ती थोडीथोडकी नाही. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा. म्हणून ताकद वाढवायची तर नुसतं पेट्रोल जास्त ओतून चालत नाही, हवाही जास्त आत जावी लागते. साधं इंजिन वातावरणाच्या दाबावर मिळेल तेवढी हवा घेतं. समुद्रसपाटीला हा दाब चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड. (आकडा तोच आला हा निव्वळ योगायोग. वर्गात असते तर पोरांना बजावलं असतं, की दोन्हींची गल्लत करू नका.) सुपरचार्जर हा हवेचा पंप. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि हवा दाबून आत कोंबतो. टर्बोसुद्धा हेच करतो, पण तो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा लोहाराचा भाता. आणि ही नुसती उपमा नाही बरं का! मिशिगनच्या शेजारच्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या रूट्स बंधूंनी १८६० साली दोन फिरत्या पाकळ्यांच्या हवेच्या पंपाचं पेटंट घेतलं. त्याचा उपयोग भट्ट्यांना हवा मारायला होऊ लागला. मोटारगाडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पुढे तोच पंप इंजिनावर जाऊन बसला. मर्सिडीजने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या. विमानांना तर तो हवाच होता, कारण उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते.

नातवाच्या किटमध्ये हा दाब सहा-सात पौंड होता. म्हणजे वातावरणाच्या दाबावर जवळजवळ निम्मी भर. कागदावर दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनाला आणखी पन्नास-साठ मिळणार. "बघ ना आजी, काय वाईट आहे?"

वाईट काही नाही. पण या गाडीचं इंजिन मुळातच हवा खूप दाबणारं आहे. आत आलेला माल ते साडेबारा पटीने दाबतं. त्यात आधीच दाबलेली हवा पाठवायची. हवा दाबली की तापते, हे सायकलचा पंप हाताळलेल्या कुणालाही माहीत आहे. फार तापली तर ठिणगी पडून ज्योत पसरत असतानाच उरलेलं मिश्रण दुसऱ्या टोकाला आपणहून पेट घेतं. त्याला आपले मिस्त्री 'इंजिन ठोकतंय' म्हणतात, नॉकिंग. हे फार वेळ चाललं तर पिस्टन फुटतात. म्हणून मधे हवा थंड करायला इंटरकूलर लावतात, चढं पेट्रोल भरतात (तिथे साधं ८७ ऑक्टेनचं, हे ९१ किंवा ९३ चं), आणि मुख्य म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला हिशेब बदलतात. कधी ठिणगी टाकायची, किती पेट्रोल सोडायचं, सगळं नव्याने. त्याला ट्यून म्हणतात.

हे सगळं नातवाने मला किचनच्या टेबलावर कागदावर चित्रं काढून समजावलं. मुलगा अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलत होता, पण विषय त्याला पक्का येत होता. विद्यार्थी पाठ करून बोलतोय की समजून, हे ओळखायला मला दोन वाक्यं पुरतात. हा समजून बोलत होता.

मग चिरंजीवांची बाजू ऐकली. ते म्हणाले, "आई, तू यात पडू नकोस." म्हणजे पडावंच लागणार! रात्री जेवणं झाल्यावर ते बोलले. पैशांचा प्रश्न नव्हता. "तो काम करेल. नट लागतील, पट्टा बसेल, गाडी सुरूही होईल. पण बरोबर झालंय हे त्याला कसं कळणार? आणि मला तरी कसं कळणार? रोज सकाळी शेजारच्या सीटवर ही बसते."

ही म्हणजे माझी नात. वय सोळा. तिची शाळा भावाच्या कॉलेजच्या वाटेवर, म्हणून रोज त्याच गाडीतून जाते. घरात या प्रश्नावर सगळ्यांनी मत दिलं होतं, सूनबाईंनीसुद्धा. ("आई, तुम्हीच सांगा त्या दोघांना, मी थकले.") जिला त्या गाडीत बसायचं होतं तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "दादा केअरफुल आहे." मग थोडं थांबून, "बट आय वुड वॉन्ट समवन टु चेक."

दोघांनी आपापले दाखलेही काढले होते. नातवाचा दाखला हेन्री फोर्डचा. डेट्रॉइटमध्ये राहून दुसरा कुणाचा असणार? एका रविवारी आम्ही डिअरबॉर्नला ग्रीनफील्ड व्हिलेज बघायला गेलो. फोर्डने पहिली गाडी जिथे बनवली त्या विटांच्या शेडची प्रतिकृती तिथे आहे. फोर्ड तेव्हा एडिसनच्या वीज कंपनीत नोकरीला होता. बॅगली अव्हेन्यूवरच्या भाड्याच्या घरामागच्या त्या शेडमध्ये तो फावल्या वेळात खटपट करी. ४ जून १८९६ च्या पहाटे गाडी तयार झाली आणि मग लक्षात आलं, की ती दारातून बाहेर निघत नाही! पठ्ठ्याने कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा पाडल्या.

"बघ आजी, त्याने कुणाला विचारलं?"

मी म्हटलं, "अरे, पण दार मोजायचं राहिलंच ना!" हसला. पण मला त्या गोष्टीतली दुसरी बाब महत्त्वाची वाटली. त्या पहाटे गाडी रस्त्यावर निघाली तेव्हा फोर्डचा जिम बिशप नावाचा सहकारी सायकलवरून पुढे पुढे चालला होता, घोडागाडीवाल्यांना सावध करत. घरी केलेलं काम म्हणजे एकट्याने केलेलं काम, असं नव्हे.

चिरंजीवांचा दाखला इंग्लंडचा, बेंटलीचा. डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा सुपरचार्जरला विरोध होता. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, हवा कोंबून ते बिघडवू नका, असं त्यांचं मत. पण त्यांचाच एक शर्यतपटू, टिम बर्किन, ऐकेना. डोरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंच्या पैशावर त्याने साडेचार लिटरच्या बेंटलीला पुढच्या तोंडाशीच भलाथोरला सुपरचार्जर लावला. हीच ती प्रसिद्ध 'ब्लोअर बेंटली'. १९३० च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ती मर्सिडीजच्या मागे सुसाट धावली, पण शेवटपर्यंत टिकली नाही. जिंकली ती बेंटलीचीच, सुपरचार्जर नसलेली, मोठ्या इंजिनाची स्पीड सिक्स. ल मां ब्लोअरने कधीच जिंकली नाही.

गंमत अशी, की आज भिंतीवर चित्र लावतात ते ब्लोअरचं! नातवाच्या खोलीतही तेच आहे. बापाचा दाखला लेकाच्या भिंतीवर. असो.

इथल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न आलाच असेल, की हे आपल्याकडे चालतं का? नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. सीएनजीचं किट मान्यताप्राप्त ठिकाणी बसवून आरटीओत नोंद करता येते, पण ती वेगळी सोय. तेव्हा कोल्हापुरातल्या भाचेमंडळींनी यातून स्फूर्ती घेऊ नये. अमेरिकेतही सगळं मोकळं रान नाही. धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढायला किंवा निकामी करायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर अशा किटला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. नातू मिशिगनचा, तरी त्याने असा क्रमांक असलेलंच किट निवडलं होतं. विम्याच्या कंपनीला कळवायचं मात्र त्याच्या डोक्यात नव्हतं. ते यादीत घातलं.

हो, यादी. आता माझ्या कामाकडे येते.

शाळेत असताना एक गोष्ट मी तेहेतीस वर्षं पाहिली. पोरं गणित सोडवतात. हुशार पोरं भराभर सोडवतात. पण सोडवलेलं गणित परत तपासायला सांगा, हुशारातला हुशार मुलगाही आपली चूक शोधू शकत नाही. कारण पहिल्यांदा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने तो पुन्हा जातो. सात सक्कं अठ्ठेचाळीस एकदा म्हटलं की तपासतानाही तेच तोंडी येतं. शेजारच्या बाकावरच्या मध्यम मुलाला ते दोन मिनिटांत दिसतं.

आमच्या ह्यांचा वर्कशॉपमध्ये स्वतःपुरता एक नियम होता. ब्रेकचं काम ज्याने केलं त्याने ते पास करायचं नाही. दुसऱ्याने बघायचं. स्वतः केलेलं कामही ते दुसऱ्याला दाखवत, मग तो दुसरा कालचा पोरगा का असेना. "पन्नास माणसं बसणार आहेत," एवढंच म्हणत.

चिरंजीव आणि नातू ज्यावर भांडत होते तो प्रश्न 'त्याला जमेल का' हा होता. त्याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं, जमेल. खरा प्रश्न तपासणार कोण, हा होता. दुकानात काम दिलं की अठराशे डॉलरमध्ये नुसते हात मिळत नाहीत. दुसरे डोळे मिळतात आणि 'यात चूक झाली तर जबाबदार मी' म्हणणारं कुणीतरी मिळतं. घरी केलं की हात मिळतात, शिकणं मिळतं, पण परीक्षक मिळत नाही. तो आपल्याला वेगळा शोधावा लागतो. तो मिळत असेल तर घरी करावं. मिळत नसेल तर हात कितीही चांगले असोत, करू नये. माझ्या अल्प मतीला एवढंच सुचलं.

हे मी दोघांना भाषण करून सांगितलं नाही. शिक्षकाचं भाषण घरात कुणी ऐकत नाही. नातवाला एक वही दिली आणि सांगितलं, "अरे, सगळी कामं क्रमाने लिही. प्रत्येक कामापुढे दोन रकाने कर. एक, हे बिघडलं तर परत पूर्ववत करता येतं का? दोन, हे बरोबर झालं हे तुझ्याशिवाय कोण सांगेल?"

तीन दिवस लागले त्याला. ती वही मला फार आवडली.

बॅटरीची तार सोडणे: पूर्ववत होतं, कुणी सांगायची गरज नाही. कूलंट काढणे: होतं. पेट्रोलच्या नळीतला दाब आधी उतरवून मग ती सोडणे: इथे चुकलं तर पेट्रोल उडतं, पूर्ववत होत नाही. इंजिनावरचा हवेचा मॅनिफोल्ड उतरवल्यावर उघडी पडलेली भोकं लगेच चिकटपट्टीने बंद करणे: एक वॉशर आत पडला आणि कळलं नाही तर इंजिन गेलं. प्लग बदलणे: या इंजिनाचे सिलिंडर आडवे झोपलेले, त्यामुळे प्लग दोन्ही बाजूंना अडचणीत, हात जेमतेम पोचतो. नट ठरलेल्याच जोराने आवळणे: त्यासाठी टॉर्क रेंच. पट्टा एका रेषेत आहे ना. नळ्यांच्या क्लिपा. वायरींचे खटके नीट बसले ना. आणि शेवटी ट्यून. तिच्यापुढे दुसऱ्या रकान्यात त्याने स्वतःहून लिहिलं होतं, 'मी सांगू शकत नाही. डायनो.' डायनो म्हणजे गाडी जागेवर रोलरवर पळवून तिचा श्वास आणि ताकद मोजायचं यंत्र. ते घरात नसतं.

वही वाचताना एक गोष्ट माझ्याही लक्षात आली. त्यांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात गॅसवर चालणारी पाणी तापवायची टाकी आहे. तिच्या बुडाशी ज्योत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत जाते. आपल्या सिलिंडरच्या गॅसचंही तेच, म्हणून तर वास आला की दारं उघडायची आणि बटणाला हात लावायचा नाही, हे आपण बायका पोरींना शिकवत आलो. मी विचारलं, "तू नळी सोडशील तेव्हा ती टाकी चालू असेल का रे?" नातू माझ्याकडे बघतच राहिला. मग चिरंजीवही उठून टाकी बघायला गेले. दोन महिन्यांत बाप-लेक त्या खोलीत एकत्र गेले ते पहिल्यांदा.

तिथून पुढे फार बोलावं लागलं नाही. त्यांनी मिळून ठरवलं ते असं.

पहिलं, किट मागवायच्या आधी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट. चारही सिलिंडर सारखे दाबतात का ते बघायचं. नव्वद हजार मैल चाललेलं इंजिन, आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. एखादा सिलिंडर कमी भरला तर विषय तिथेच संपला आणि पैसे बँकेत. ही टेस्ट बाहेर करून घ्यायची. दुसरं, काम हिवाळ्यात. तिथे बर्फात ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी तशीही उभीच असते आणि मुलं आईच्या जुन्या गाडीतून जातात. त्यामुळे 'सोमवारी कॉलेज आहे, आजच संपव' ही घाई नाही. घाई हा सगळ्यात वाईट मिस्त्री. तिसरं, बापाने पान्याला हात लावायचा नाही. त्यांनी सूचनांचं पुस्तक मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक काम झालं की स्वतः बघून लाल पेनाने खूण करायची. खूण नाही तर पुढचं काम नाही. (लाल पेन मी दिला.) चौथं, पेट्रोलचं काम गॅरेजचं मोठं दार उघडं ठेवून, टाकी बंद करून आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी घेऊन. पाचवं, ट्यून डायनोवर, माहितगार माणसाकडून, आणि तो 'नको' म्हणाला तर गाडी ट्रेलरवरून परत. सहावं नातीने सुचवलं. दादाने पाचशे मैल एकट्याने चालवल्याशिवाय ती बसणार नाही.

सप्टेंबरअखेर मी परत आले. टेस्टचा निकाल मला फोनवर कळला, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. किट नोव्हेंबरात आलं. किटवाले म्हणतात दोन शनिवार-रविवार पुरेत. यांना पाच आठवडे लागले. सूनबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "आई, तिकडे मायनस आठ आहे आणि दोघं टोप्या घालून पुस्तक वाचतायत." मला पोथीचं पारायण डोळ्यांपुढे आलं.

लाल पेनाने दोन गोष्टी पकडल्या. इंटरकूलरच्या एका नळीची क्लिप नळीवर बसली होती, पण आवळलेली नव्हती. नातवाने ती आवळली असं त्याला ठाम आठवत होतं. दुसरी, एक सेन्सरचा खटका अर्धाच बसलेला. दोन्ही गोष्टी क्षुल्लक. पण ती क्लिप रस्त्यावर निसटली असती तर भर रहदारीत गाडीने मान टाकली असती. अशा वेळी मागून ट्रक येत असेल तर ते क्षुल्लक राहत नाही. नातू मला म्हणाला, "आजी, मी ती जागा तीन वेळा बघितली होती." मी म्हटलं, "म्हणूनच."

एप्रिलमध्ये डायनो झाला. तिथल्या माणसाने किटबरोबर आलेला प्रोग्रॅम बघून ठिणगीची वेळ थोडी मागे घेतली, वरच्या आकड्यांतली थोडी ताकद सोडली आणि म्हणाला, हे जास्त दिवस टिकेल. कागदावरच्यापेक्षा दहा-बारा अश्वशक्ती कमी मिळाली. नातवाने ते मुकाट्याने मान्य केलं, याचा मला गाडी सुरू झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

पैशांचा हिशेबही सांगते, कारण 'घरी केलं की स्वस्त' असा समज असतो. वाचले अठराशे. त्यातले साडेसातशे हत्यारांवर गेले, सहाशे डायनोवर, विमा वर्षाला थोडा वाढला. हातात उरले जेमतेम चारशे. नुसत्या पैशांसाठी हे करणाऱ्याने करू नये. हत्यारं मात्र राहिली, आणि यंदा आईच्या गाडीचे ब्रेक पॅड नातवानेच बदलले. बदलून झाल्यावर न सांगता बापाला हाक मारली, "बाबा, जरा बघून घे ना."

आजोबांनी त्याला कधी वर्कशॉपमध्ये नेलं नव्हतं. नियम तेवढा पोचला.

तर मंडळी, असा प्रश्न सुपरचार्जरचाच असतो असं नाही. घरची वायरिंग, पाण्याची मोटर, स्वतःच्या औषधांचे डोस ठरवणं, मृत्युपत्र लिहिणं, सगळीकडे तोच आहे. आपल्याला येतं, म्हणून आपण करतो. करावंही. फक्त सुरुवात करण्याआधी, लाल पेन कुणाच्या हातात द्यायचा ते ठरवावं. तुमच्या घरी असं काही झालं असेल तर जरूर कळवा. नात आता त्या गाडीतून शाळेत जाते. पाचशे मैलांची नोंद तिने स्वतः तपासली.